नव्याण्णव बाटल्या आणि एक दार

चि. निशांत,

आज सकाळी साडेआठ वाजता, कोपरखैरण्यातल्या आपल्या हॉलमध्ये, तुझ्या बापाने जगाच्या रक्षणासाठी शस्त्र उचलले. नऊ सेकंदांत मेलो.

त्या गेममधल्या शेवटच्या राक्षसाच्या दाराबाहेर तू तीन आठवडे तयारी करत बसला आहेस, म्हणून म्हटले, आपणच आत डोकावू. पिशवीत संजीवनीच्या नव्याण्णव बाटल्या निघाल्या. एकही फोडलेली नाही! तुझ्या आईने चांगले कप पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये जपले आणि स्वतः जन्मभर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायली. कप अजून कोरे आहेत. तू तिचाच मुलगा. तलवार आहे, ढाल आहे, फक्त दार ढकलणारा माणूस तेवढा नाही.

श्रुती माहेरी गेली त्यालाही तीनच आठवडे झाले. तिला फोन कधी करणार विचारले, तर म्हणालास, ‘बाबा, काय बोलायचं ते ठरवतोय.’ अरे शूरवीरा, तळवली रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. तिथे राक्षस नाही; तुझे सासरे आहेत, आणि ते जेवले की झोपतात.

मी तिकडेच निघालोय. तुझेही ताट मांडायला सांगतो.

निघताना टीव्ही बंद कर. मला जमले नाही. तो राक्षस अजून हसतोय.

— बाबा