कॅप्टन ब्रॅमलीचं शेवटचं पान

आधी टपकला तो टकल्या ऑग्डेन. त्याचा दोस्त प्रॅट बस चुकल्यामुळे मागाहून आला. दोघंही जुन्या चित्रकथा जमवणारे. ते गेल्यावर वाटलं, आपलीही बस यायची वेळ झाली, लिहून ठेवावं. म्हणून मी, विनिफ्रेड एंटविसल, वय एक्क्याऐंशी, राहणार स्टॉकपोर्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शाळा बाराव्या वर्षी सुटली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

घर आणि शिवणयंत्र लेक मॉरीनला. बँकेतलं सगळं दोघी नातींना, सारखं. दीर नॉर्मन याला काहीही नाही. "बाईनं काढलेली चित्रं पोरं वाचतील होय?" असं तो माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच केक खात म्हणाला होता.

पोरांनी वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर माझे यजमान सिरिल चित्रकथा छापायचे. कागद तोलूनमापून मिळे, नवं मासिक काढायला बंदी; म्हणून दर महिन्याला नाव बदलून सुटं पुस्तक काढायचं. कधी 'झेप', कधी 'धडाका', कधी 'मुसंडी'. आत मात्र तोच कॅप्टन ब्रॅमली, माझ्या हातचा. शेवटच्या पुस्तकात तो दीपगृहाच्या कठड्याला एका हातानं लोंबकळत राहिला आणि आमचा धंदा बसला.

ऑग्डेन म्हणाला, "आजी, नऊ वर्षांचा होतो मी. वाचला का हो तो?"

"पुढचं पान काढलं होतं रे. पण काय काढलं ते आठवत नाही, आणि पानही सापडत नाही."

"पडलाच असणार," प्रॅट म्हणाला.

"तू गप. तुला साधी बस धरता येत नाही, कठड्याचं काय सांगतोस?"

ऑग्डेन हसला खरा, पण जाताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

एका बाजूनं कोरा कागद टाकायचा नाही, ही माझी तेव्हापासूनची सवय. हा कागदही सुऱ्या-चमच्यांच्या खणात तळाला अंथरलेला होता. इथवर लिहून सहज उलटला, तर मागे कॅप्टन ब्रॅमली! दीपगृहवाल्याच्या बायकोनं कॉलर धरून आत ओढलाय, आणि बसलाय चहा पीत.

तरी हे पान ऑग्डेनला द्यावं. माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. सदतीस वर्षं थांबलाय तो.

माझ्या खांद्यावरून वाचणारी मॉरीन ओरडली, "अगं आई, मृत्युपत्रच देऊन टाकणार?"

टाकणार. वकिलानं नव्या कागदावर नक्कल करावी. नॉर्मनचं कलम गाळू नये.

सही: विनिफ्रेड एंटविसल
समक्ष साक्षीदार: डोरीन हिक्स, शेजारीण, अल्फ टेट, दूधवाला
स्टॉकपोर्ट, शनिवार, १४ मार्च १९८७

पाहुणे परत येतो म्हणालेत: मंगळवारी, चहाला. प्रॅटनं आधीची बस धरावी.