शेपटीकडचा अर्धा फोटो

चारकोप,
१४ सप्टेंबर २०२५

चि. देवेश यास,
अनेक आशीर्वाद. मुलुंडला सगळे बरे असतील. आम्हीही बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने पाठवते आहे.

मी चिडले आहे, ते आधीच सांगते. ‘माझ्या चुकीमुळे वडील गेले, यापुढे मला कोणी फोटो पाठवू नये’ असं तू तुझ्या साप ओळखायच्या ग्रुपवर लिहिलंस म्हणे. मला शेजारच्या प्रियंकाने दाखवलं. तिच्या मोरीत परवा काहीतरी निघालं आणि फोटो पाठवायला माणूस नाही. बारा वर्षं लोकांनी तुला हललेले, उलटे, अंधारातले फोटो पाठवले. तू प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचास, कोणी काढला, कुठे, कधी, आणि मग गोम असो की साप, नाव सांगायचास. माणिकमावशीने जळकी वात पाठवली, तीसुद्धा ओळखलीस. आणि आता एकदम संन्यास. कोणी सांगितलं होतं तुला?

मीच सांगितलं, माहीत आहे. बाबांच्या बाराव्याला, सगळ्या भावकीसमोर. ‘याने बिनविषारी कवड्या सांगितला आणि मण्यार निघाली’ असं मी ओरडले, आणि तू मान खाली घातलीस. त्याचाच मला जास्त राग आहे. लहानपणापासून तुझं हेच, कोणी दोन शब्द बोललं की गप्प. तू भांडला असतास तर मला पुढचं बोलावं लागलं असतं.

तू ‘बहुतेक’ लिहिलं होतंस. ओरडताना तो शब्द मी गिळला. त्याखाली तू विचारलं होतंस, ‘ताई, पट्टे मानेकडे आहेत की शेपटीकडे? शेपटी दिसेल असा फोटो आहे का?’ मी लिहिलं, एवढाच आहे, साप गेला. मग तू लिहिलंस, कवड्याच असेल. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “देवेश सांगता मा, मगे ऱ्हवांदे. गरीब जनावर ता.” सर्पमित्राला बोलवायचं राहून गेलं.

फोटो एवढाच नव्हता रे. मी कापून पाठवला होता. शेपटी गोधडीवर होती, आणि गोधडी जमिनीवर होती. तू बाबांसाठी आणलेल्या पलंगावर मार्चपासून माझा सौरभ झोपतो, त्याचं दहावीचं वर्ष म्हणून. बाबा मागच्या पत्र्याच्या खोलीत, खाली. ते तुला दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू त्यांना घेऊन गेला असतास, आणि लोक म्हणाले असते, लेकीने बापाला जमिनीवर झोपवलं. म्हणून तेवढा भाग कापला.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते पोटात दुखतं म्हणाले. अंगावर कुठे खूण नव्हती. मी ओवा दिला. पापण्या जड झाल्या तेव्हा वाटलं, बरं वाटून झोप लागतेय. दोन तास मी त्यांना झोपू दिलं. हे डॉक्टरांना सांगितलं, तुला नाही.

माझ्यावर ओरड, फोन कर आणि ओरड, पण गप्प बसू नकोस. तुझ्या गप्प बसण्यामुळे मी दोन महिने सगळ्यांची बिचारी झाले आहे आणि मला ते सोसत नाही. प्रियंकाच्या मोरीतलं काय आहे तेही बघ, तिचं पोर रांगतं आहे.

सोबत पूर्ण फोटो धुऊन पाठवते आहे. ग्रुपवर टाक, भावकीला दाखव. शेपटीकडचे मण्यारीचे पट्टे स्वच्छ दिसतात, गोधडीही दिसते. तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं फोटोच्या मागे लिहिली आहेत, इथेही लिहिते.

कोणी: मानसी, तुझी ताई.
कुठे: बाबांच्या अंथरुणावर.
कधी: ९ जुलै, दिवेलागणीला. बाबा तेव्हा होते.