टपालहोडीची फेरपरीक्षा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं

आज मला मृत ठरवण्यात आलं. तोक्योहून, फोनवर, अत्यंत नम्र आवाजात!

जुने, विसरलेले गेम नव्याने काढणाऱ्या त्या कंपनीची यादी पेपरात आली. त्यात आमची ‘टपालहोडी’ असणार, असं ती रचणारे कुझे-सान उन्हाळ्यापासून सांगत होते. नाही! म्हणून मीच फोन लावला. त्सुकुदा नावाचा तरुण बोलला. “गेमची निवड झाली होती हो, पण संगीत देणाऱ्या व्यक्तीचा पत्ता लागत नाही. पुस्तिकेवर नुसतं ‘उमेबोशी’ असं छापलंय. बहुधा त्या हयात नसाव्यात. त्यांची संमती नसेल तर आम्हाला गेम काढता येत नाही.”

“उमेबोशी मीच,” मी म्हटलं. “आणि माझा आत्ताच नाश्ता झालाय.”

तिकडे कागद चाळले गेले. मग म्हणाला, “यावर आम्ही जरूर विचार करू.”

विचार करू! या देशात सहासष्ट वर्षं काढलीत मी. विचार करू म्हणजे काय ते मला कळतं. नाही!!

१५ ऑक्टोबर, बुधवार

अजून जिवंत आहे. त्सुकुदाला पुन्हा फोन करून कळवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फुसाए आली. दुकान बंद करून, हाताला केसांच्या रंगाचा वास घेऊन. भोपळ्याची भाजी आणली होती. गोड, नेहमीसारखी. धाकट्या बहिणीला सांगायला जावं तर ती ऐकण्याआधीच हसते.

“ताई, अगं कुणालाही न आवडलेल्या गेमसाठी तू तोक्योशी भांडतेयस?”

“न आवडलेल्या नाही, न खपलेल्या.”

“माझ्या दुकानात त्याला एकच म्हणतात.”

तिला काय सांगायचं! तरी सांगितलं. टपालहोडीत कुणी मरत नाही. कुणाला मारायचं नाही. आतल्या समुद्रातल्या बेटांवर पत्रं पोचवायची, भरती-ओहोटी बघून. शत्रू एकच, पाणी. ज्या हिवाळ्यात तो आला त्या हिवाळ्यात सगळी पोरं तलवारी घेऊन राक्षसांच्या मागे होती. दुकानदारांनी आमच्या गेमच्या डब्या खालच्या फळीवर ठेवल्या, मग जुन्या मालाच्या टोपलीत टाकल्या. वाईट होता म्हणून नाही. घाईच्या वेळी आला म्हणून!

शाळेत सिस्टर माद्लेन नापास मुलीची फेरपरीक्षा घ्यायची. तीच बाकं, तोच कागद, फक्त बाहेर दंगा नसायचा. अर्ध्या मुली पास व्हायच्या. या गेमांचं तेच म्हणते मी. दंगा ओसरलाय. आता घ्या की परीक्षा! ज्या पोरांनी तेव्हा तो टोपलीतच राहू दिला त्यांना आता पन्नाशी आलीय, त्यांना आता थांबून पाणी बघता येईल.

फुसाए म्हणाली, “तुला कधी थांबता आलं गं?”

भाजीचा डबा तिचा होता, नाहीतर फेकून मारला असता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आकाशी गावाला कुझे-सानकडे गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. गेमची सगळी बुद्धी त्यांची, सूर माझे. डोळे बरेच गेलेत, मधलं काही दिसत नाही, कडा दिसतात. ऑक्टोपसचे गोळे रश्श्यात बुडवून खात होते आणि अर्धे रश्श्याच्या बाहेर सोडत होते. मी काही बोलले नाही. (बोलले. “कुझे-सान, तो ऑक्टोपस टेबलाला आवडला वाटतं.”)

हसले. मग एकदम म्हणाले, “इनुई-सान, यादीतले गेम वसंतात निघतात म्हणे. वसंतापर्यंत मला कडा तरी दिसतील. एकदा बघायचंय, कुणीतरी अनोळखी माणूस ती होडी चालवताना.”

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यांनी त्सुकुदाला लेखी दिलंय की उमेबोशी म्हणजे इनुई साचिए, आमच्या जुन्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरची, तोंडाने आंबट. नाव साहेबांनी ठेवलं होतं, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ. त्या काळी कुणाचंच खरं नाव छापायचे नाहीत, दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये म्हणून. कुझे-सान ‘दाढी’ होते. दाढी त्यांना कधीच नव्हती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

त्सुकुदाचा फोन. मी जिवंत असल्याचं कंपनीला मान्य आहे! टपालहोडी यादीत परत.

सिस्टर माद्लेनसाठी मेणबत्ती लावली. फुसाएला फोन करून फक्त “हं” एवढंच म्हटलं. तिला कळलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा बाहेर!

“अजून एका बाईंनी कळवलंय,” त्सुकुदा म्हणाला, “की उमेबोशी त्या आहेत.”

“कोण बाई?”

“वैयक्तिक माहिती सांगता येत नाही.”

“काय म्हणते ती?”

“तेही सांगता येत नाही. दोघींनी आपापल्या धुना आणि त्या गेममध्ये कुठे येतात ते लिहून द्यावं. आम्ही पडताळू. मात्र एक नियम आहे. वाद राहिलाच तर तो गेम आम्ही वगळतो. दुसरे पुष्कळ गेम रांगेत आहेत.”

रांगेत! म्हणजे ही बाई जिंकायलाही नको, नुसती हटून बसली तरी होडी बुडाली.

तीन सूर आणि एक खरखर. तेवढंच होतं आमच्याकडे. गेमच्या यंत्रात त्याहून जास्त जागा नव्हती. इतर माझ्याभोवती रडत होते. मी नाही. शाळेच्या ऑर्गनवर मी आठ वर्षं तीन सुरांतच वाढले, एक वर, एक खाली, एक मध्ये भांडणारा. खरखरीची मी लाट केली. आणि आता कुठल्यातरी बाईला ती लाट हवीय!

चोरटी!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कुझे-सानना फोन.

“माझ्यानंतर कोणी होतं का?” मी लग्नासाठी मार्चमध्ये नोकरी सोडली, गेम डिसेंबरात आला. तेव्हा लग्न म्हणजे फुलांचा गुच्छ घ्यायचा, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा आणि टेबल रिकामं करायचं. सहा धुना पूर्ण करून, बंद करून दिल्या होत्या मी. सातवीची गरजच नव्हती.

ते म्हणाले, “तुमच्या टेबलावर एक पोर बसायची खरी. चहा आणायची.”

“नाव?”

“नाही हो आठवत.”

चहा तर मीही आणायचे. बायका सगळ्याच आणायच्या. पण म्हणून टेबलाबरोबर धुनाही मिळतात का?

ठरवलं. नुसत्या आठवणीवर लिहून देणार नाही. गेम शेवटपर्यंत खेळणार आणि कोणत्या बेटावर कोणती धून ते एकेक लिहिणार. बघू ती काय लिहिते!

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. शेवटच्या बेटापर्यंत मी कधी पोचलेच नाही. तेव्हाही नाही. आमच्या ओळखीतलं कुणीच पोचलं नव्हतं, कुझे-सान सोडून, आणि ते आवाज बंद करून तपासायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

फुसाएने दुकानातला जुना जाड टीव्ही आणून दिला. जिना चढताना तिने मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

माझ्या जुन्या यंत्रात गेमची डबी घातली, चालू होईना. फुंकर मारली. चालू झाली!

पहिल्या बेटाची धून. माझी. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. फुसाएही उभी होती, तोंडातलं तसंच ठेवून.

“ताई, हे तू केलंस? इतक्या लहान आवाजात?”

आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे टोमणा नव्हता. मीच मारला मग. “घास गिळ आधी.”

१० नोव्हेंबर, सोमवार

बुडले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बुडले. बुडले. दुपारी भाजी करपली आणि बुडले.

शेवटच्या बेटाशी पाणी असं वळतं की वल्हं मारलं की होडी आपटते. कुझे-सानना फोन करून तोंड सोडलं. “माणसांसाठी केला होतात की माशांसाठी?”

शांतपणे म्हणाले, “इनुई-सान, तिथे काही करायचंच नाही. हात काढून ठेवायचा. पाणी उलटेपर्यंत.”

“किती वेळ?”

“कळतं ते.”

“मुलांना हे कसं कळणार होतं?”

“नाही कळलं,” ते म्हणाले. “तेवढीच चूक केली मी. बाकी चांगला होता ना?”

चांगला होता, मी म्हटलं. आवाज चढवूनच म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हात काढून बसता येत नाही! बोट आपोआप जातं. उशीखाली हात दाबून बसले तर फुसाए आली आणि विचारते, “थंडी वाजतेय?”

ती चोरटी कशी बसली असेल? ती पोचलीच नसेल. उसनं ऐकून लिहिणार काहीतरी. माझा कागद तयार आहे. सहा धुना, सहा बेटं. फक्त शेवटच्या, सातव्या बेटापुढे लिहायचंय, ‘पहिलीच धून पुन्हा’. तशीच चिठ्ठी ठेवून आले होते मी. खात्री करायची आणि कागद पाठवायचा. मग बघतेच तिच्याकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाणी उलटलं. पोचले. शेवटच्या घराचं दार उघडलं आणि पहिली धून लागलीच नाही. दुसरीच लागली. माझी नाही, माझ्या टेबलावर बसलेल्या त्या पोरीचीच असणार. माझ्याच तीन सुरांतली, पण मधला सूर भांडत नाही, दोघांची वाट बघतो. असं मला कधीच जमलं नसतं. मी कागद फाडला आणि हा लिहिला:

“त्सुकुदा-सान, वाद नाही. उमेबोशी दोघी आहोत. सहा धुना माझ्या आहेत, शेवटची त्यांची आहे आणि ती सगळ्यांत चांगली आहे. टपालहोडी परत यादीत घ्या. ज्यांचं नाव तुम्ही मला सांगत नाही ते आधी छापा, खरं आणि पूर्ण. त्याखाली इनुई साचिए. दोन्ही नावांसह होकार मला लेखी हवा, सहीशिक्क्यानिशी, शुक्रवार २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.”