दोन्ही गुडघ्यांवरच्या फुल्या

प्रिय धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कारण नवा गुडघा बसवल्यापासून तू फोनवर दुसरं काही बोलतच नाहीस. माझं अक्षर वाकडं आलं तर चालवून घे, उजव्या हाताची बोटं हल्ली माझ्यानंतर उठतात.

तर तुझ्या नादाने सांध्यांच्या डॉक्टरकडे गेले. दाखवायला नेला गुडघा, पण त्याने खांदा फिरवला, बोटं दाबली, मनगटावर टिचक्या मारल्या. (मी भाजी घेतानासुद्धा इतकं चाचपत नाही.) मग म्हणाला, खांद्याला बारीक भोकं पाडून दुर्बीण घालता येईल, मनगटाला छोटा काप देऊन दबलेली शीर मोकळी करता येईल, आणि गुडघा अर्धा बदलायचा की पूर्ण ते फोटो बघून ठरवू. मी विचारलं, काढलेल्या हाडाचं काय करता? तो नुसता हसला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात सून म्हणाली, "आई, आधी गुडघ्याचं करून टाकू." ती एवढं गोड बोलली की मी आधी कपाटाच्या किल्ल्या चाचपते.

तरी तयार झाले. जिना उतरवत नाही, त्यामुळे खालच्या गल्लीतली भांडणं मला खिडकीतून अर्धवट ऐकावी लागतात. याला काय जगणं म्हणायचं?

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने विचारलं, आजी, कोणता गुडघा? सांगितलं, डावा. तिने त्यावर शाईची फुली मारली. मग दुसरी आली, तिनेही तेच विचारलं. मग भूल देणारा, त्याचंही तेच. आता तूच सांग, ज्यांना माझा गुडघा ध्यानात राहत नाही त्यांच्या हाती सुरी द्यायची? आपलं आपणच बघावं म्हणून मी सुनेच्या पर्समधलं पेन काढलं आणि उजव्या गुडघ्यावर ठसठशीत फुली मारली. म्हणजे याला हात लावायचा नाही. (शाळेत मी फार टिकले नाही, पण फुली म्हणजे चूक, एवढं मास्तरांनी पक्कं करून घेतलं होतं.)

आत नेलं, चादर सरकवली, तर दोन्हीकडे फुल्या. डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

"आजी, ही दुसरी कुणी मारली?"

"तुमच्यावर लक्ष ठेवणाऱ्याने."

आज सुरी लावणार नाही म्हणाला आणि मला तशीच घरी पाठवली. वर सांगतो, चूक होऊ नये म्हणूनच सगळे पुन्हा पुन्हा विचारतात. हे आधी सांगायला काय तोंड दुखत होतं? मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सून बोलते, म्हणजे अजून काहीतरी शिजतंय.

आणि खरं सांगू, तुझ्या गुडघ्यावरही माझा विश्वास नाही. खुर्चीत बसून फोनवर कुणीही चालतं. इथे ये आणि कठडा न धरता आमचा जिना चढून दाखव, मग बघू.

तुझी थोरली

ता. क. शाई निघाली. सोमवारी पुन्हा बोलावलंय. मी हो म्हटलंय.

ता. क. आणखी एक. जिन्याचं राहू दे, कठडा धरून ये. दवाखान्यात ऑपरेशनच्या दारापर्यंत एकाच माणसाला सोडतात. मुलगा इतका घाबरतो की मलाच त्याला पाणी पाजावं लागतं. सून रडते. (खरं रडते, मी नीट बघितलं. किल्ल्यांचा संशय निम्मा मागे घेतलाय.) तू लहानपणापासून दगड आहेस, तूच ये. आणि मी पेन मागितलं तर देऊ नकोस.