तळाचा नकाशा आणि काठावरची मोकळी जागा

माझ्या हातून घडलेल्या वस्तू आधी लिहितो, मागाहून वाद नको: सात होड्या, धक्क्याच्या बावीस पायऱ्या, शाळेची सगळी बाकं आणि सरोवराच्या तळाचा नकाशा. कोणाकडे शिकलो नाही. वय त्रेपन्न, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही. म्हणून आजच हे मृत्युपत्र करून ठेवतो.

१. होड्या आणि हत्यारं लेकीला. राहतं घर वहिनींना, त्या आहेत तोवर, मग लेकीला. स्वतःच्या घरात वहिनींना झोप लागत नाही.

२. मोजणीची दोरी आणि शिशाचं वजन लेकीला. वजनाच्या बुडाला मेण लावून सोडायचं; तळाशी असेल ते चिकटून येतं. मी जन्मलो तेव्हा काठावर नऊ घरं होती. मग धक्का झाला, बर्फाचा कारखाना आला. आज एकेचाळीस आहेत. मी दरवर्षी तळ मोजला. प्रत्येक नव्या घराचा चौकोन, त्याच मापाचा, आधी तळावर लागला. वर पाया नंतर खणला गेला. आणि वर्षाच्या आत त्या घरातलं एक माणूस पाण्यात गेलं. गावाने दोष वाऱ्याला दिला.

३. बोथट पेन्सिल नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांना. नकाशा बघून म्हणाले, "शिकलात कुठे?" म्हटलं, "पाण्यावर. तुम्ही?"

४. थोरल्या भावाला त्याचा चौकोन मी दाखवला होता. "दोऱ्या मोजून तुझं डोकं फिरलंय रे," म्हणाला आणि तिथल्याच काठावर घर बांधलं. त्याच वर्षी त्याची होडी रिकामी परत आली. मी त्याच्या चौकोनावर वजन सोडलं. वीस हात खोल. मेणाला चुलीची राख होती. कोमट. वहिनी, हे तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

५. काठावरची माझी मोकळी जागा लेकीला, एका अटीवर: तिथे पाया खणायचा नाही. जाळी वाळत घाल, झाडं लाव. गेल्या वर्षी त्या जागेसमोर बेचाळिसावा चौकोन लागला: साठ हात लांब, अठ्ठावीस रुंद, आत चोवीस खोल्या. मेणाला ओला चुना.

साक्षीदार: पोस्टमास्तर (सही). दवाखान्यातले डॉक्टर (सही, म्हणाले, "दोरीवाले, तुम्ही शुद्धीवर आहात एवढंच मी लिहून देतो.")

ठिकाण: धक्क्याजवळचं राहतं घर. तारीख: ४ मार्च.
सही: दोरीवाले

सहीनंतरची नोंद: काल एक हॉटेलवाला त्या जागेसाठी आराखडा घेऊन आला. नव्वद फूट बाय बेचाळीस. हातांत मोजलं तर साठ बाय अठ्ठावीस. खोल्या चोवीस. माझी मोजणीची वही त्याने पाहिलेली नाही. मी नाही म्हणालो. त्याने देऊ केलेली रक्कम बासष्ट लाख.