ओढ्यात दोन आकृत्या

११ जून १९७८, रविवार
आजपासून मडकी आणि आंबे बंद. शहरातल्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो म्हणून जन्मभर मडकीच काढावीत असं नाही. मोठं तैलचित्र करायचं. पिशोरकडच्या आमच्या शेतातला ओढा, मागं डोंगर, ओढ्यात नवरा-बायको उभे. ऑक्टोबरात मुंबईच्या प्रदर्शनाला. निवड होईलच.
पद्धत ठरली. आधी आभाळ, मग डोंगर, मग पाणी. माणसं शेवटी. प्रकाश थांबत नाही. माणसं काय, असतातच.
रोज पहाटे पाचला उठणार. आज साडेसात.

१८ जून
ओढा कोरडा. हरकत नाही, पाणी मी घालीन.
मॉडेल मिळाले. पुंजाराम आणि त्याची बायको गीताबाई. बौद्धवाड्यात राहतात, माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पासाहेबांच्या शेतावर कामाला. गीताबाई म्हणाली, सर, नुसतं उभं ऱ्हायचं? हातात काय तरी द्या, लाज वाटती. कॉम्पोझिशन समजावून सांगितलं. पुंजाराम म्हणाला, मला लई मोठं काढू नका सर, मालकाच्या डोळ्यात येईल. मजेशीर माणूस.
आप्पासाहेब चिडले. म्हणाले, उभं राहायची मजुरी देऊन यांना बिघडवू नकोस, आधीच कंपन्या माणसं पळवतायत. त्यांना कलेतलं कळत नाही.

९ जुलै
डोंगर झाला. जरा बैलासारखा दिसतो. दुरून नाही दिसत.
पुंजाराम आज वेगळाच उभा होता. गेल्या आठवड्यात गुपचूप शहरातल्या मोर्चाला आला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून माईकवर बोलला. म्हणाला, जल्मात पयल्यांदा बोललो सर. गावात कुणाला ठावं नाय. मी म्हणालो, आर्टिस्टला राजकारण नसतं. तसाच उभा राहा मात्र. स्केचमध्ये छाती छान आली.

२७ जुलै
रेडिओवर बातमी. नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर. उद्या शाळा भरेलसं दिसत नाही. पाणी पुरं करावं.

२९ जुलै, दुपारी
शहर बंद. एस.टी. बंद. पाण्याचा निळा बिघडला.
सकाळी पुंजाराम दारात. रात्रभर चालत आला होता. गावात आमचं पाणी तोडलंय, किराणा देत नाहीत म्हणाला. बायकापोरं आणून सोडतो, आठ दिस तुमच्या चित्राच्या खोलीत ठिवा सर, मी माघारी जातो, म्हाताऱ्या आईला चालवत नाय. अडचण समजावली. ऑइल कलर आहे, वाळत नाही, पोरांचे हात लागतात. त्याला चित्र दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाला, आमी दोघं अजून पांढरेच व्हय?
मी म्हणालो, काळजी नको, आप्पासाहेबांशी बोलतो. माझा शब्द ते मोडत नाहीत. तर हात जोडून म्हणाला, नको सर, त्यांना काय बी सांगू नका. गरिबाला भीड फार.

३० जुलै
आप्पासाहेब जीपने आले होते. जोरात बाजू मांडली. पुंजाराम सज्जन आहे. मोर्चाला आला, माईकवर दोन शब्द बोलला, म्हणून माणूस वाईट होत नाही. आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आपला पुंजाराम? माईकवर? मग हसले. म्हणाले, बरं झालं सांगितलंस.
एका चहात काम झालं. माणसाने बोलावं, अर्ध्या अडचणी न बोलण्याने होतात. उद्यापासून आकृत्या.

३ ऑगस्ट
शाळेचा शिपाई कडुबा आमच्याच भागातला. त्याने सांगितलं. परवा रात्री बौद्धवाडा जाळला. पुंजारामचं घर पहिलं. त्याला ओढ्यात गाठून मारलं. म्हातारीही गेली. गीताबाई पोरांना घेऊन उसात लपली होती, वाचली.
पहिलं त्याचंच का, कळत नाही. वाऱ्याची दिशा असेल.
जेवलो नाही. संध्याकाळी थोडं जेवलो.

२० ऑगस्ट
गीताबाई चिकलठाण्याला आहे. नव्या कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहते. स्केचबुक घेऊन गेलो. पुंजारामचा फोटो आहे का विचारलं. म्हणाली, घरात व्हता. मग म्हणाली, सर, मोर्चाचं मालकाला तुमीच बोलले का? मी काय काय चांगलं बोललो ते सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, मंग हेच फौजदाराला सांगा. मालक म्हणतेत त्यांना कायच ठाव नव्हतं. येवढं सांगा, दुसरं कायच नको.
सांगणार. उद्याच.

२७ ऑगस्ट
सर्दी.

३ सप्टेंबर
गणपतीचं मखर शाळेने माझ्याकडे दिलंय. ते झालं की नक्की. खरं बोलायला मन शांत लागतं.

२४ सप्टेंबर
फौजदारांनीच बोलावलं. आप्पासाहेब जीपने घेऊन गेले. पोलीस ठाण्याच्या दारात गीताबाई धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. मला पाहून पदर सावरून पुढं आली, बहुतेक आत येणार होती. पोलिसाने थांबवलं.
फौजदारांनी विचारलं, पुंजारामबद्दल भावाशी कधी काही बोललात? आप्पासाहेब शेजारच्या खुर्चीवर होते. मी म्हणालो, नाही. शेतावर बरेच मजूर असतात. सही केली. बाहेर ती तिथंच होती. धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेऊन फाटकाकडे चालू लागली.
दुपारी चित्राला बसलो. मुदत जवळ आली. आकृत्यांच्या जागी बोराटीची झुडपं काढली.
झुडपं चांगली जमली.