वारुळाची माती

७ जुलै, सोमवार
शेडमध्ये मागच्या रांगेत अळिंबीच्या दोन पिशव्यांवर पांढरं जाळं. काल नव्हतं. कोळ्याचं समजून काढायला गेले तर बोटाला कापसासारखं चिकटलं. खालची अळिंबी तपकिरी, लिबलिबीत. घाण वास. प्रशिक्षणाच्या सरांना फोटो पाठवला.

८ जुलै
सरांचा फोन. ही बुरशी अळिंबीवरच जगते म्हणाले. अळिंबी तरी काय, बुरशीच. म्हणजे भाऊबंदकी तिथंही आहेच. मातीतून येते, पिशव्यांवर पसरलेली माती वाफवली नव्हती का? वाफवली होती! चुलीपुढे मीच बसले होते, डोळे अजून चुरचुरतात. पाणी मारायचं नाही, पंखा बंद, डागावर मीठ टाकून ओला कागद झाकायचा.

९ जुलै
भावजी नाकाला रुमाल लावून दारात. थोरले म्हणून ऐकून घ्यायचं. शेड मूळची म्हशींची, हे पीक बुडालं तर म्हशी परत आत, असं ठरलंय ना, म्हणाले. ठरलंय. नवऱ्याला पुण्याला फोन केला तर म्हणे, बघू. बघायला इथं आहे कोण?

१० जुलै
कळलं.
सासूबाई जेवताना सहज बोलल्या. पासली गावाला माहेरी गेल्या होत्या तेव्हा वारुळाची माती आणली आणि माझ्या पिशव्यांवर टाकली. "आमच्याकडं अळंबी वारुळावरच उगवती. म्हनलं तुजी बी लई यावी."
वाफवून वाफवून माझा जीव गेला, आणि वरून ही कच्ची माती! ताट सरकवलं. मी म्हणाले, "तुमच्या मायेनंच माझं वाटोळं केलं." एक शब्द उलटा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ जुलै
मागच्या रांगा काढून लांब खड्ड्यात पुरल्या, वर चुना. पुढची एक रांग चांगली आहे. तिथपर्यंत वारुळाची माती पुरली नाही म्हणे. नशीब माझं! सासूबाईंना शेडबंदी. बोलणंही बंद.

१४ जुलै
भावजींनी शेडपुढं खुंटा ठोकला. पीक उभं असताना! मी फावडं घेऊन बाहेर आले तर सासूबाई आधीच खुंटा हलवत होत्या. उपटून उकिरड्यावर फेकला. भावजींना म्हणाल्या, "तिची एक पिशवी हाय तवर हितं म्हस यायची न्हाई." भावजी तणतणत गेले. उद्या येतीलच.
मी आत जाऊन कडी लावली. रांगेत एका पिशवीवर पांढरं काहीतरी. मीठ टाकलं. तेवढ्यात बाहेरून सासूबाई: "हात धुतल्यात. येऊ का?"
फटीतून पाहिलं. कोपरापर्यंत साबण लावून धुतलेले. शेडमध्ये पदराला हात पुसायचे नाहीत, हे मीच ओरडून ओरडून सांगितलेलं. तसेच ओले हात पुढे धरून उभ्या होत्या.
कडी काढली नाही. त्याही गेल्या नाहीत.